डिझेल कपात

सावद्याच्या पॅकिंग हाऊसमध्ये, रात्री पावणेदहाला,
उखर्डू तायडे हजेरीची चिठ्ठी घेऊन वर आला.
चार घड्या घातलेली, घामानं मऊ पडलेली.
खोके चढवले : चारशे बारा. दर बरोबर, गुणाकार बरोबर.
खाली एक ओळ :
डिझेल कपात, रुपये एकशे अठ्ठावीस.

'मी काय डिझेल पेतो का, ताई?'

मी हसले. तो हसला नाही.

तीन वर्षांपूर्वीची फाईल उघडली.
माथ्यावर माझंच नाव, तेव्हाच्या तारखेसकट.
क्लास हमाल, आणि त्याच्यापुढे, अगदी सहज,
गाडीचा वारस.
आठवलं. दोघंही माल वाहतात,
मग तेच तेच पुन्हा कशाला लिहा?
चाळीस ओळी वाचल्या होत्या.
त्या रात्री स्वतःवर खूश होऊन
शेवभाजी मागवली होती, जास्तीच्या तर्रीची.

सातबाऱ्यावर नाव लागलं
की विहिरीचा चौथा हिस्सा येतो
आणि मागोमाग बांधाचं भांडणही येतं.
उचल, ठेव, मोज : हे उखर्डूला आयतं मिळालं.
टायरही मिळाले, पासिंगची तारीखही,
कुणाला दिसली नाही इतकंच.
परवा मंगळवारी मी गाडीला डिझेल शिकवलं
आणि ते निमूट उतरलं
माणसाच्या मजुरीत.

खिडकीतून खाली शेड दिसत होती.
काट्यावरचे मधुकर भोळे, त्यांना वजन ठाऊक.
भाव विचारा, ते मान न वळवता ऑफिसकडे बोट करतात.
टबापाशी रुखमा. तिला फक्त 'धू' म्हणायचं.
तुरटी किती, पाणी कधी बदललं, फणी कुठल्या अंगानं धरली,
तिचं तिला.
कुणी तिच्या टबात हात घालून बघत नाही.
बघितलंच, तर ऐकून घ्यावं लागतं.

आणि मी काय मांडून ठेवलं होतं?
'केळी' नावाचा क्लास, एकतीसशे ओळींचा,
ज्याला घडाचं वय माहीत, रावेरचा भाव माहीत,
ट्रकचा नंबर, बर्फाचा खर्च,
शेठच्या मेहुण्याचं कमिशनसुद्धा.
गावात असा एखादा असतो,
सगळ्यांच्या ओसरीवर ज्याचा पाट मांडलेला,
आणि तो तापानं पडला
की लग्नाच्या याद्याही अडतात.

बाबा भुसावळच्या यार्डात शंटिंगला होते.
म्हणायचे, डबा जोडायला काय, कुणीही जोडतो.
सुटतो कसा, ते आधी बघ.
कपलिंगमध्ये दोन बोटं ठेवून आलेला माणूस
हे जरा हळूच सांगतो.

सोडवत बसले.
उचलणं वेगळं काढलं, छोटंसं, एका पानाचं.
ज्याला लागेल त्यानं ते हातात धरावं,
रक्तात कशाला?
गाडीनं धरलं. हमालानं धरलं.
दोघांची ओळख तिथंच संपली.
दर आत ठेवला, दाराला आतून कडी.
'केळी'ला हात लावला नाही. भीती वाटली.
ती पुढच्या आठवड्यात, किंवा त्याच्या पुढच्या.

मग चाचणी लिहिली, आयुष्यात पहिल्यांदा कोडच्या आधी
लिहायला हवी होती ती, नंतर लिहिली.
नाव दिलं : उखर्डू डिझेल पीत नाही.
अडीच वाजता ती ओळ हिरवी झाली,
कच्च्या घडासारखी हिरवी.

जुन्या नोंदी चाळल्या तर आणखी अकरा जण निघाले.
नऊ जणांचे पैसे सकाळी पाकिटात भरले.
दोघे काम सोडून गेलेले.
त्यातला एक, रेमसिंग बारेला, पालकडचा,
त्याचा फोन लागत नाही. अजून लावते आहे.

उखर्डूनं नोटा दोनदा मोजल्या.
'मंग आता मी कोन हाये त्याच्यात?'
हमाल, म्हटलं. नुसते हमाल.
'आन पहिले कोन व्हतो?'

खाली गाडीनं हॉर्न दिला.
मी म्हटलं, जा, खोके थांबलेत.